नीतिमत्तेचा पेपर किती मार्कांचा?

८ मार्च जवळ आला की आपल्यासारख्या बायकांना भाव येतो. एरवी वर्षभर ज्यांच्या दारात आपण निवेदनं घेऊन ताटकळतो, त्यांचेच फोन येतात. यंदा मला नांदेडकडच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातून बोलावणं आलं. नाव सांगत नाही, कारण जे घडलं ते कुठल्याही महाविद्यालयात घडलं असतं. विषय होता 'व्यावसायिक नीतिमत्ता आणि सामाजिक जबाबदारी'. वेळ चाळीस मिनिटं. विभागप्रमुखांनी फोनवरच बजावलं, "ताई, जरा हलकंफुलकं ठेवा. मुलं कंटाळतात. शेवटी एखादी प्रेरणादायी गोष्ट सांगा."

प्रेरणादायी गोष्ट म्हणून मी माझ्या काकीला सोबत नेलं.

काकी अर्धापूरची. वय पंचाहत्तरीच्या पुढं. १९९१ साली दुसऱ्याच्या शेतात रोजानं ज्वारीची कणसं मळणी यंत्रात टाकताना तिचा उजवा हात मनगटापासून गेला. या यंत्राला आमच्याकडं हडंबा म्हणतात. रात्रीची वेळ, कारण वीज रात्रीच यायची. कणसं ढकलता ढकलता हात आत ओढला गेला. जवळच्या माणसानं पट्टा पाडेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं. नंतर मालकानं सांगितलं, बाईचं लक्ष नव्हतं. कागदावर लिहिलं गेलं, स्वतःच्या निष्काळजीपणामुळं. काकीला अक्षर येत नव्हतं, तिनं डाव्या हाताचा अंगठा उठवला. गावानंही तेच धरून ठेवलं. मी तेव्हा शिकलेली, चळवळीत नव्यानं आलेली. पण खोटं कशाला बोलू, मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं की काकीला डुलकी लागली असेल.

पुढं कधीतरी एका वकील मैत्रिणीनं सांगितलं, की १९८३ सालीच धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा केंद्रीय कायदा झालेला आहे आणि तो झाला तोच मुळी मळणी यंत्रांसाठी. पंजाब-हरियाणात हिरव्या क्रांतीनंतर ही यंत्रं आली आणि मजुरांचे हात तुटायला लागले, म्हणून. माल टाकायचं तोंड किती लांब हवं याचं भारतीय मानक ठरलेलं आहे. किमान ९० सेंटिमीटर, त्याचा आतला निम्मा भाग वरून झाकलेला. म्हणजे माणसानं खांद्यापर्यंत हात घातला तरी बोटं फिरत्या दात्यांपर्यंत पोचू नयेत. काकीच्या यंत्राचं तोंड वीतभर होतं. पत्रा वाचवला होता.

हे मी सभागृहात सांगितलं तेव्हा काकी शेजारीच बसली होती. तिच्या हातात पुष्पगुच्छ देताना एका मुलाची पंचाईत झाली होती, कारण त्यानं सवयीनं तो उजव्या बाजूनं पुढं केला. माझं बोलणं संपल्यावर काकीनं माईक मागितला आणि एवढंच विचारलं, "लेकराहो, तोंड लांब असतं तर हात पोचत नाही, हे तव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं व्हय?"

सगळे गप्प. ठाऊक होतं. कायदा आठ वर्षांचा झाला होता. मग मागून एका मुलानं हात वर केला. त्याचा चेहरा भाबडा होता, आगाऊपणा नव्हता. "मॅडम, हे नीतिमत्तेच्या पेपरला येईल का? तो पेपर किती मार्कांचा आहे तेच अजून आम्हाला कळलं नाही."

मैत्रिणींनो, त्या मुलाला हसू नका. त्याचा प्रश्न बरोबर आहे. काकीचा हात नीतिमत्तेच्या पेपरात येत नाही आणि यंत्ररचनेच्या पेपरातही येत नाही. तो कुठंच येत नाही, आणि मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे. आपण ओरडतो की शिक्षणात मूल्यं राहिली नाहीत. सरकार म्हणतं, बरं, हा घ्या मूल्यांचा एक पेपर. पेपर वेगळा काढला, की बाकीचे सगळे पेपर मोकळे होतात.

२०१८ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं अभियांत्रिकीचा नमुना अभ्यासक्रम काढला. त्यात सुरुवातीला काही आठवड्यांचं प्रवेश-शिबिर आलं आणि 'वैश्विक मानवी मूल्यं' नावाचा विषय आला. हेतू चांगला आहे. परक्या गावी आलेल्या, घाबरलेल्या पोरांशी कुणी चार शब्द बोलावं यात वाईट काय? पण त्या विषयाची मांडणी बघा. माणसाच्या स्वतःमधला सुसंवाद, कुटुंबातला सुसंवाद, समाजातला सुसंवाद, निसर्गातला सुसंवाद. विश्वास आणि आदर हा नात्याचा पाया. कुटुंबातला सुसंवाद हे शब्द ऐकले की आपल्या केंद्रात येणाऱ्या बायांचे चेहरे माझ्या डोळ्यांपुढं येतात. ज्या घरात कुणी गप्प बसलेलं असतं, त्या घरात सुसंवाद फार चांगला असतो! कोण बोललं, कोण गप्प बसलं, जमीन कुणाच्या नावावर, काम कुणाच्या अंगावर, हे विचारल्याशिवाय सुसंवाद शिकवणं म्हणजे सुनेला शहाणपण शिकवण्यासारखंच.

कॅनडात एक प्रथा आहे. १९०७ साली तिथं क्यूबेकचा पूल बांधता बांधता कोसळला आणि ७५ कामगार मेले. पुढं १९२५ पासून तिथले नवे इंजिनिअर एका समारंभात शपथ घेतात आणि काम करणाऱ्या हाताच्या करंगळीत साधी अंगठी घालतात. कागदावर सही करताना ती टेबलाला घासावी, आपल्या कामावर माणसं उभी आहेत याची आठवण राहावी, अशी कल्पना. ऐकायला छान वाटतं. पण दागिना घातल्यानं माणूस जबाबदार होतो हे आपल्या बायकांनी मानावं का? आपल्या गळ्यात शतकानुशतकं आठवणीचं लेणं आहेच की.

मला हा विषय कळला तो वर्गात नाही, किल्लारीला.

३० सप्टेंबर १९९३ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून माणसं दमून झोपलेली. चारला काही मिनिटं कमी असताना जमीन हलली आणि लातूर-उस्मानाबादची गावंच्या गावं आपल्याच घरांखाली गेली. सरकारी आकड्यानं आठ हजारांच्या आसपास माणसं मेली. दगडाच्या दोन-दोन हात जाड भिंती, पण दगड नुसत्या चिखलात रचलेले, आतल्या आणि बाहेरच्या अंगाला सांधणारे आरपार दगड नाहीत. वर माळवद. पाऊस गळू नये म्हणून दरसाल त्यावर मातीचा नवा थर, असे कित्येक थर. एवढं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं.

मी तेव्हा पंचविशीत होते. नांदेडहून आमची तुकडी गेली ती औसा तालुक्यात, आधी कपडे-भांडी वाटायला आणि नंतर राहायला. पुनर्वसनाचं काम सुरू झालं तेव्हा एका गावात आराखडा दाखवायला तरुण इंजिनिअर आला. त्याच्याबद्दल मला नीट सांगितलं पाहिजे, कारण माझा सगळा मुद्दा त्याच्यात आहे. तो हरामखोर नव्हता. तंबूत राहत होता, तापानं फणफणला तरी गाव सोडून गेला नाही, ठेकेदारानं आणलेलं पाकीट त्यानं सगळ्यांसमोर परत केलं. नीतिमत्तेचा पेपर असता तर तो पैकीच्या पैकी मार्क घेऊन पास झाला असता.

त्यानं पारावर आराखडा पसरला. पुरुष भोवती बसले. बाया देवळाच्या भिंतीला टेकून, पदर पुढं ओढून उभ्या. सरळ रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना रांगेत सारखी घरं, शहरातल्या कॉलनीसारखी. "काही शंका?" त्यानं पुरुषांना विचारलं. शंका नव्हती. मागून एक म्हातारी बोलली, "साहेब, चुलीचा धूर कुठून जाणार?" तो समजुतीनं म्हणाला, "आजी, आता गॅस येणार." म्हातारीनं मान डोलावली.

गॅसची उज्ज्वला योजना आली २०१६ साली. मधली बावीस-तेवीस वर्षं त्या सिमेंटच्या खोलीतल्या धुराचं काय झालं, ते म्हातारीच्या सुनांना विचारा.

घरांचं माप तर त्याहून बोलकं. ज्या ५२ गावांचं पूर्ण स्थलांतर झालं, त्यांत घराचा आकार जमिनीवर ठरला. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्याच्या वर ७५०. पडलेलं घर केवढं होतं, घरात माणसं किती उरली, हे मोजलं नाही, सातबारा मोजला. आता सातबाऱ्यावर बाईचं नाव कितीजणींचं होतं? भूकंपानं सगळ्यांना एका रात्रीत उघड्यावर आणलं होतं, जातीपातीसकट. नव्या गावात सरकारी फूटपट्टीनं सगळी उतरंड पुन्हा जिथल्या तिथं मांडून दिली.

खऱ्या उतरंडीला मात्र जागा मिळाली नाही. गुबाळला घुमटाकार घरं बांधली गेली. भूकंपाला टिकायला घुमट चांगला, यात वाद नाही. पण गोल भिंतीला टेकवून मडक्यांची उतरंड कशी रचायची, फळी कुठं ठोकायची, कणगी कुठं ठेवायची, लेकाचं लग्न झाल्यावर शेजारी खोली कशी काढायची? गावोगावी असंच काहीतरी होतं. आम्ही राहत होतो त्या गावात संडास बांधले, पाणी नव्हतं, त्यात गोवऱ्या भरल्या. जुन्या वाड्याला चौक होता, त्यात बाई निवांत न्हात होती, निवडत-टिपत होती, चार बाया दुपारी येऊन बसत होत्या. नव्या घराचं दार उघडलं की रुंद रस्ता. बायकांचं बसणंच मोडलं. हे नुकसान कुठल्या पंचनाम्यात लिहायचं?

त्याच किल्लारीच्या कामात दुसरीही गोष्ट झाली, आणि ती सांगितली नाही तर मी अन्याय करीन. जिथं गावं हलवायची नव्हती तिथं पडझड झालेली घरं लोकांनीच दुरुस्त आणि मजबूत करायची होती. हजारावर गावं. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं, प्रेमा गोपालन यांच्या पुढाकारानं, सरकारला पटवलं की गावागावांत बाया 'संवाद सहायक' म्हणून नेमा. महिला मंडळांतल्या साध्या बाया. त्यांना शिकवलं, की माळवदाचं ओझं कमी करा, भिंतीत आरपार दगड बसवा, दाराच्या वरच्या अंगाला सगळ्या भिंतींना बांधणारा पट्टा घ्या. त्या बाया घरोघर जाऊन हे सांगायला लागल्या. सिमेंटच्या गोण्या मोजायला लागल्या. मी स्वतः पाहिलंय, एका बाईनं गवंड्याला बांधलेली भिंत उतरवायला लावली. गवंडी चिडला, "आता बाया शिकवणार का?" ती म्हणाली, "मराया आम्हीच घरात असतो."

तिला कुणी नीतिमत्ता शिकवली नव्हती. बांधकाम शिकवलं होतं. आणि त्या प्रामाणिक इंजिनिअरला बांधकाम येत होतं, पण विचारायचं कुणाला हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. लाच न घेणं ही नीती त्याच्या घरच्यांनी त्याला दिली होती. देवळाच्या भिंतीकडं वळून प्रश्न विचारणं ही त्याच्या धंद्याची नीती होती, आणि ती त्याच्या आखणीच्या तासाला, खर्चाचं अंदाजपत्रक काढायच्या तासाला यायला हवी होती.

व्यवस्थापन शिकणाऱ्यांची तऱ्हा याहून सोपी. त्यांच्यासाठी सामाजिक जबाबदारीचा आकडाच ठरलेला आहे. २०१३च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के समाजकामावर खर्च करायला सांगितलं. मुलं हे पाठ करतात. बाकीचे ९८ टक्के कसे आले, हा प्रश्न त्या धड्यात नाही.

आमच्या कंधार-मुखेडकडून आणि बीडकडून ऊस तोडायला जाणाऱ्यांचा हिशेब घ्या. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. दोन माणसं, चार हात, हिशेबात नग एक. उचल मुकादमाकडून नवऱ्याच्या हातात. एक दिवस पडला की खाडा. पाळीच्या दुखण्यानं खाडा नको म्हणून बायांनी गर्भपिशव्या काढल्याचं २०१९ साली गाजलं, तेव्हा बीड जिल्ह्यात सरकारनं पाहणी केली. ८२ हजारांवर ऊसतोड बायांपैकी १३ हजारांवर बायांची पिशवी काढलेली निघाली. वर्तमानपत्रांनी डॉक्टरांना धरलं, बरोबर केलं. पण दोन माणसांना एक नग धरायची रीत डॉक्टरांनी काढलेली नाही. ती हिशेबाची रीत आहे. हिशेब शिकवणाऱ्या एका तरी वर्गात फळ्यावर 'एक कोयता' लिहून त्याचे दोन रोज वेगळे करून दाखवले गेलेत का?

आणि कर्जवसुली. बचत गट आपण उभे केले, त्याच वाटेनं कंपन्या दारात आल्या. रिझर्व्ह बँकेनं २०२२ साली नियम केला, की अशा छोट्या कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहाच्या नंतर जायचं नाही. अर्धापूरला हळद काढणीच्या दिवसांत बाई सातलाच घर सोडते आणि परतते दिवेलागणीला. म्हणून वसुलीचा पोरगा साडेसहाला दारात. तो पोरगा कोण असतो? आपल्याच गावचा, पदवी घेतलेला, महिन्याचं टार्गेट असलेला. त्याला टार्गेट देणारा वातानुकूलित खोलीत बसलेला असतो आणि त्यानं नीतिमत्तेचा पेपर पास केलेला असतो.

आता थोडं आपल्याकडं वळते. आपणही त्या इमारतींकडं पाठच फिरवली ना? कारखाना, धरण, यंत्र म्हटलं की आपण मोर्चा काढतो. आखणी होते तेव्हा आपण नसतो. आकडे आले की आपल्यातल्या निम्म्याजणींचा चेहरा पडतो. परभणीच्या कृषी विद्यापीठात गृहविज्ञानाच्या बायांनी शेतकरी बायांचे कष्ट कमी करायच्या अवजारांवर वर्षानुवर्षं काम केलं. आपण त्यांना काय म्हणायचो? लाडू-चिवड्याची शाखा! अभियांत्रिकीची मुलं हसायची आणि त्यांच्या सोबतीनं आपणही. बाईचा खांदा, कंबर, मूठ मोजून अवजार करायचं, हे काम तिथं चाललं होतं आणि आपल्या अंकांत त्यावर चार ओळी आल्या नाहीत.

त्या ८ मार्चच्या भाषणानंतर चहाच्या वेळी एक विद्यार्थिनी माझ्याजवळ आली. यंत्र शाखेची, वर्गात मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. म्हणाली, "ताई, आम्हाला पोलाद किती ताण सहन करतं ते शिकवतात. बाईचा हात किती लांब असतो ते कुणी मोजायला लावत नाही." तिच्या मागे तिच्या प्राध्यापिका उभ्या होत्या. नोकरी कंत्राटी, त्यामुळं बोलताना इकडंतिकडं बघत होत्या. त्यांनी विचारलं, मुलांना प्रकल्पासाठी अर्धापूरला पाठवलं तर तुमच्या बाया वेळ देतील का?

दिला. एप्रिलमध्ये सहा मुलं-मुली चार दिवस आली. विषय ठरला हळदीचा. काढलेले कंद मोडायचे, गड्डे आणि हळकुंडं वेगळी करायची, मग ती वाहून शिजवायच्या जागी न्यायची. मुलं आली ती मोडणीचं यंत्र डोक्यात घेऊनच. बाया म्हणाल्या, मोडणी आमची हाताची आहे, तिच्यावर रोज मिळतो, ती नका घेऊ. आम्हाला ओझ्याचं काहीतरी करा, आणि बसून बसून कंबर जाते त्याचं करा. एक मुलगा हिरमुसला, "म्हणजे नुसतं बसायचं पीठ करायचं? त्याला मार्क कोण देणार?" पण त्यानंच दुसऱ्या दिवशी अकराजणींच्या गुडघ्यापासून जमिनीपर्यंतची उंची टेपनं मोजली. आधी त्यानं लाजत परवानगी विचारली, मग बायांनीच टेप हिसकावून एकमेकींची मापं घेतली. हसण्याचा नुसता कल्लोळ.

पीठ झालं. पहिलं डगमगत होतं, शेताच्या ढेकळात तीनच पाय टिकतात हे काकीनं सांगितलं. ओझ्याची गाडी अजून जमलेली नाही. वाफ्यात तिचं चाक रुततं.

तोंडी परीक्षेला आमच्या दोघीजणी आणि काकी, अशा तिघी जाऊन बसल्या. बाहेरून आलेल्या परीक्षकांना आधी हे कोण ते कळेना. मग त्यांनी मोठ्या मनानं खुर्च्या मागवल्या. बायांनी प्रश्न विचारले. पावसात भिजलं तर काय? मोडलं तर अर्धापूरचा लोहार दुरुस्त करील का? किंमत किती, आणि ती मालक देणार की आमच्या रोजातून जाणार? शेवटच्या प्रश्नावर मुलं अडली. परीक्षकांनीही तो वहीत लिहून घेतला. गुणपत्रिकेत बायांच्या मार्कांसाठी रकाना नाही. प्राध्यापिकेनं समासात पेन्सिलीनं तिघींचे आकडे लिहिले आणि सरासरी काढून आपल्याकडच्या अंतर्गत गुणांत धरली. नियमात बसतं की नाही ते तिनं कुणाला विचारलं नाही, आणि मीही इथं तिचं नाव लिहीत नाही.

तुमच्या गावाजवळ अभियांत्रिकीचं, व्यवस्थापनाचं, निदान तंत्रनिकेतनाचं कॉलेज असेलच. यंदा ८ मार्चचं बोलावणं आलं तर भाषण जरूर करा, पण बदल्यात तोंडी परीक्षेच्या दिवसाच्या तीन खुर्च्या मागून घ्या. मिळाल्या, नाकारल्या, जे होईल ते या अंकाकडं कळवा. आणि वाफ्यात न रुतणारं चाक कुणाला सुचलं, तर तेही.